वरच्या फळीवरचे वजा

५ मार्च, बुधवार

वेईबाईंनी आज तिसऱ्यांदा तेच विचारलं. "खुनदादा, या खान्यात वजा आहे की काहीच नाही?"

मी म्हटलं, काहीच नाही म्हणजेच वजा.

"नाही ना, दादा. वजा म्हणजे तुम्ही करून बघितलं आणि लागण झाली नाही. काहीच नाही म्हणजे करूनच बघितलं नाही. दोन्ही एक कसं होईल?"

एकवीस वर्षं या मत्स्यरोग केंद्रात या वह्या लिहितोय. हा फरक मला कधी कोणी विचारला नव्हता. आडव्या ओळीत आमच्या शीतपेटीतले चौदा विषाणू – जिवाणूंना खाणारे. उभ्या रांगेत आजारी माशांच्या पोटातून काढलेले जिवाणू, एकेका तळ्यातले. बशीत जिवाणूंचा थर पसरायचा, वर विषाणूचा थेंब सोडायचा, बशी रात्रभर इनक्युबेटरमध्ये, म्हणजे उबेच्या यंत्रात. सकाळी थेंबाच्या जागी थर विरघळून स्वच्छ भोक पडलं तर अधिक. नाही पडलं तर वजा. एवढंच काम. आता हा सगळा तक्ता आठ देशांच्या सामाईक तक्त्यात जायचा आहे. कोणीही उघडावा, कोणीही वापरावा. वेईबाई ताइपेहून त्यासाठीच आल्या आहेत.

दिवसभर रिकामे खाने शोधले. डोळे चुरचुरतात.

६ मार्च

दोनशे अकरा रिकामे. त्यातले किती आळसाचे आणि किती मनुष्यबळ नव्हतं म्हणून, ते भूमिदेवाला ठाऊक.

१० मार्च, सोमवार

आज तक्त्याचा पुढचा भाग. कुठल्या खाद्यावर वाढवले, थेंब केवढा, किती वेळा करून बघितलं. मग तापमान.

अठ्ठावीस, मी म्हटलं.

"मोजलेलं की यंत्रावर वाचलेलं?"

वाचलेलं. यंत्रावर हिरव्या आकड्यात अठ्ठावीस दिसतं, रोज सकाळी मी ते वहीत उतरवतो. वेईबाई उठल्या. आतल्या खोलीतून दोन साधे थर्मामीटर आणले, पाण्याच्या दोन बाटल्यांत बुडवले, एक बाटली वरच्या फळीवर, एक खालच्या. "उद्या बघू," म्हणाल्या.

मला जरा रागच आला. पण रागावण्याइतकी ताकद उरत नाही हल्ली. पिपेट दाबून दाबून अंगठा दुखतो, घरी बायकोने, स्यू-यिनने, तो आल्याच्या पाण्यात धरायला लावला.

११ मार्च

खालची फळी अठ्ठावीस. वरची तेहेतीस.

दोघं दार उघडं टाकून बघत होतो, तेवढ्यात वरच्या फळीचं तापमान उतरायला लागलं. दार लावलं, दोन तासांनी पुन्हा बघितलं. पुन्हा चढत चाललेलं.

मग मी शिडी घेतली. यंत्राच्या डोक्यावर पुढच्या बाजूला माझी हिरवी पुडी – नारळाच्या चवीचा मक्याचा खाऊ, नवीन, मुदतीतली, वर माझ्या हाताने लिहिलेलं 'नीट चाल'. ही पुडी या बेटावर प्रत्येक यंत्रावर असते. स्टेशनात तिकिटाच्या यंत्रावर असते, दवाखान्यात असते. हिरवीच हवी, मुदत संपू द्यायची नाही, आणि ती कोणी खायची नाही. दर वर्षाअखेरच्या जेवणाच्या दिवशी मी आमच्या सगळ्या यंत्रांवरच्या पुड्या बदलतो.

मागे, भिंतीच्या बाजूला, आणखी एक पुडी होती. धुळीने राखाडी. यंत्राच्या मागच्या झरोक्यावर अशी चपखल बसलेली की जणू झाकणच. गरम हवा बाहेर जायची तो झरोका.

उचलली तर हाताला वाफ लागली.

वेईबाई खालून म्हणाल्या, "काय आहे?"

मी म्हटलं, खाऊ.

१२ मार्च

झोप नाही. सकाळी लवकर गेलो.

पुडीवरची मुदत सव्वा वर्षापूर्वी संपलेली. या पुड्या नऊ-दहा महिने टिकतात. म्हणजे आणली दोन वर्षांपूर्वी, वसंतात. मी तर वर्षाअखेरीला बदलतो. त्या वर्षी मध्येच का आणली असेन ते आठवत नाही. वर काही लिहिलेलंही नाही. शाई उडाली असेल. पण या खोलीत पुड्या ठेवणारा मी एकटाच. मीच जुनी मागे सरकवली असणार आणि विसरलो. मुदत संपलेली पुडी डोक्यावर ठेवून मी यंत्राकडून काम करून घेतलं, आणि गंमत म्हणजे पुढे दुसरी ताजी ठेवून.

पुडी काढल्यावर वरची फळी एकोणतीसवर आली.

वेईबाईंनी वही पुढे ओढली. "वरच्या फळीवर काय काय होतं? कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं नाही. पण मला माहीत आहे. लोकांनी तळ्यांतून आणलेले नमुने मी कायम वरच्या फळीवर ठेवतो. केंद्राचे स्वतःचे ठेवणीतले जिवाणू खाली. नियम कोणी केलेला नाही. घरी देव्हाऱ्यात पूर्वजांच्या नावाच्या पाट्या खाली नाही ठेवत, तसं. ज्याच्यावर कोणाचं घर चालतं ते वर.

हे त्यांना सांगताना मान वर होत नव्हती. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं, निदान एका शिस्तीत चुकलंय. शोधता येईल."

मग समजावून सांगितलं. हे जिवाणू उकाड्यात अंगावरची कडी बदलतात. विषाणू त्याच कडीला धरून आत शिरतो. कडीच नाही तर धरणार कुठे? म्हणजे विषाणू नालायक नव्हता. आम्ही दारच बदललं होतं.

दोन वर्षांतले तळ्यांचे नमुने अडतीस. प्रत्येकी चौदा खाने. त्यातला पहिला नमुना क्रमांक एकसष्ट. तो कोणाचा हे वही न बघता मला माहीत आहे.

जिन-शानचा.

१३ मार्च

जिन-शान आणि मी एका बाकावर शिकलो. गावच्या शाळेत दोन वर्ग एका खोलीत बसायचे. तो गणितात माझं बघून लिहायचा, मी पोहण्यात त्याचं बघून शिकलो.

त्याच्या वडिलांनी हेकरू माशांची तीन तळी खणली. दोन वर्षांपूर्वी वसंतात त्याची पिल्लं पोट वर करून तरंगायला लागली. औषधं लागू पडेनात. बर्फाच्या डब्यात मेलेली पिल्लं घालून तो स्कूटरवरून आमच्याकडे आला. मी त्याला म्हटलं होतं, आमच्याकडे चौदा विषाणू आहेत, एक तरी धरेल. तीन दिवस रोज येऊन बसला. आमच्या गॅसच्या शेगडीवरचा चहा प्यायचा, यंत्राच्या दाराकडे बघत बसायचा. "आत काय चाललंय रे? लढाई?"

तिसऱ्या दिवशी मीच त्याला बशी दाखवली. चौदा थेंब, एकही भोक नाही. "सगळे वजा," मी म्हटलं.

"म्हणजे माझ्या घरातला राक्षस तुझ्या चौदा पहिलवानांपेक्षा भारी," तो म्हणाला, आणि हसला. पावसाळ्याआधी तिन्ही तळी उपसली. आता त्यांच्यावर सूर्याची वीज करायची पॅनेलं आहेत. कंपनीने त्यालाच राखणीला ठेवलं आहे. आपल्याच तळ्यावर तो लांब दांड्याच्या ब्रशने काचा धुतो.

१४ मार्च

चांद्र महिन्याचा पंधरावा दिवस. फाटकापाशी भूमिदेवाला फळं आणि उदबत्ती. काही मागितलं नाही. काय मागायचं ते सुचलं नाही.

दुपारी श्याओसाहेबांना सांगितलं. केंद्राचे प्रमुख ते, नोव्हेंबरात निवृत्त होतील. सगळं ऐकून घेतलं, मग डोळ्यांवरचा चष्मा डोक्यावर सरकवला. "आ-खुन, देवाला खाऊ दिलास आणि यंत्राला ताप आणलास."

वेईबाई म्हणाल्या, अडतीसच्या अडतीस पुन्हा करायला हवेत.

"महिनाअखेर तक्ता द्यायचाय. वजा म्हणजे वजा. कोपऱ्यात एक टीप टाका – तापमानात थोडा फरक संभवतो. कोण वाचतंय टिपा?"

"व्हिएतनामचे लोक परवाच विचारत होते, साहेब. आपला तक्ता बघून कुठले विषाणू मागवायचे ते ठरवणार आहेत. आपण वजा लिहिला तर ते तो विषाणू मागवणारच नाहीत."

"मग त्यांनी स्वतः करून बघावं."

"तक्ता कशासाठी द्यायचा मग?"

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग माझ्याकडे बघून, "तुझं काय म्हणणं? अंगठा चालेल का तुझा पाचशे थेंबांना?"

पाचशे बत्तीस. दोनदा करायचे म्हणजे दुप्पट. मी म्हटलं, चालेल.

"महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर. एक-दोन दिवस मी सांभाळीन. आणि हे कसं झालं ते तू स्वतःच्या नावाने लिहायचंस. माझ्या केंद्राच्या नावाने खाऊची गोष्ट नको."

१७ मार्च

शीतपेटीतून पहिल्या खेपेला दहा नमुने काढले. एकसष्ट त्यात घेतला नाही.

१८ मार्च

वेईबाईंनी विचारलं, एकसष्ट का नाही? म्हटलं, घेतो. क्रमाने घेतो.

"क्रमाने तर तोच पहिला आहे, दादा."

काढला.

२१ मार्च, शुक्रवार

एकसष्ट.

सकाळी सातला बशी उघडली. दिव्यासमोर धरली. चौथ्या आणि अकराव्या थेंबाच्या जागी स्वच्छ भोकं. इतकी स्वच्छ की पलीकडे माझा अंगठा दिसत होता.

दुसरी बशीही तशीच. मग वरची फळी मुद्दाम तेहेतीसवर चढवून तिसरी करून ठेवली आहे. वेईबाई म्हणतात त्याशिवाय पुरावा नाही. मला पुराव्याची गरज नाही, पण ठेवली.

 चार आणि अकरा क्रमांकाचे विषाणू दोन वर्षं शीतपेटीतच होते. हाताच्या अंतरावर.

२२ मार्च

तेहेतीसवरच्या बशीत एकही भोक नाही. झालं सिद्ध.

वेईबाई मला समजावत होत्या. "बशीतलं भोक म्हणजे तळ्यातला मासा नव्हे, दादा. तळ्यात ऊन असतं, चिखल असतो, पाणी बदलतं. तिथे कदाचित काहीच झालं नसतं." खरं आहे. मीच हे लोकांना वीस वर्षं सांगत आलोय.

पण 'कदाचित' त्याला मिळायला हवं होतं. मी त्याला 'नाही' दिलं.

घरी स्यू-यिनला सांगितलं. ती भाजी निवडत होती. थांबली नाही. "सांगणार का त्याला?"

माहीत नाही, म्हटलं.

"सांगून त्याची तळी परत येतील?"

नाही.

"मग कोणासाठी सांगताय? त्याच्यासाठी की तुमचं ओझं उतरावं म्हणून?"

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "दुसऱ्या कोणाकडून कळलं तर मात्र वाईट." दोन्ही बाजूंनी बोलते आणि दोन्ही बाजूंनी बरोबर असते. जेवण गेलं नाही. मटार भात तिने झाकून ठेवला.

२५ मार्च

चोवीस नमुने झाले. अंगठ्याला पट्टी. वेईबाई अर्धे थेंब स्वतः सोडतात. त्यांचा हात हलका आहे, पण मी सांगितलं नाही – डोक्यात हवा जाईल. आज श्याओसाहेबही येऊन स्टुलावर बसले, बशा दिव्यासमोर धरून मोजून दिल्या. "तीस वर्षांपूर्वी हेच करायचो," म्हणाले. जाताना यंत्राच्या डोक्यावर नजर टाकली. "पुढची पुडी राहू दे. तिचा काय दोष."

२९ मार्च, शनिवार

चांद्र महिन्याचा पहिला दिवस. बस पकडून गावी गेलो, साथीच्या देवाच्या देवळात. आमच्याकडे रोगराई पाठवणारा आणि परत नेणारा देव एकच. लहानपणी याचं नवल वाटायचं. आता वाटत नाही.

कौल लावला. दोन लाकडी चंद्रकोरी ओंजळीत धरून नाव-गाव सांगितलं आणि विचारलं – माझ्या चुकीने जिन-शानची तळी गेली, हे मी त्याला सांगू का? टाकल्या. एक उताणी, एक पालथी पडली तर हो. दोन्ही पालथ्या तर नाही.

दोन्ही उताण्या. म्हणजे देव हसला.

पुन्हा विचारलं. पुन्हा हसला. तिसऱ्यांदाही.

देवळातला म्हातारा झाडू मारत होता. म्हणाला, "प्रश्न नीट विचारला नसशील. चुकीचं काही मांडलंस की हसतो तो."

मी घरापासून जुळवत आलेले शब्द होते. त्यात काय चुकलं ते बसमध्ये बसून शोधत राहिलो. सापडलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

अडतीस पूर्ण. जुन्या पाचशे नऊ वजांपैकी एकाहत्तर आता अधिक.

वेईबाईंनी तक्ता भरला. जुने आकडे पुसले नाहीत, शेजारी नवे लिहिले, म्हणजे कोणालाही दोन्ही दिसतील. टिपेची जागा त्यांनी माझ्यासाठी मोकळी सोडली होती. मी सांगितलं, त्यांनी लिहिलं: 'इनक्युबेटरच्या मागच्या झरोक्यावर खाऊची पुडी राहिली होती. वरची फळी तेहेतीस अंशांवर गेली. दोन वर्षांतले तळ्यांचे सर्व नमुने वरच्या फळीवर होते. जबाबदारी माझी.' खाली माझं नाव.

"खाऊचं लिहायलाच हवं का?" त्यांनी विचारलं. "नुसतं 'अडथळा' म्हटलं तरी चालेल."

म्हटलं, दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर पुडी असेल तर तो मागे जाऊन बघेल.

बटण दाबलं तेव्हा काहीच आवाज झाला नाही. एवढं मोठं काम, निदान टिंग तरी व्हायला हवं होतं.

४ एप्रिल, शुक्रवार

थडगी साफ करायचा दिवस. सगळं गाव टेकडीवर, हातात विळे, कागदाच्या नोटांच्या गड्ड्या. आईबाबांच्या थडग्यावरचं गवत काढलं. पाठ धरली.

जिन-शान चार ओळी खाली, त्याच्या वडिलांपाशी. अंगाने सुकलाय, रंग काळवंडलाय. मला बघून विळा हलवला. "ए विद्वान! थडगं मोजून साफ करतोस की अंदाजाने?"

त्याच्या बायकोने पातळ पोळीत भाज्या, शेंगदाण्याची पूड गुंडाळून मला दिली. दोघं त्याच्या वडिलांच्या थडग्याच्या कठड्यावर बसून खाल्ली. तिथून खाली तिन्ही तळी दिसतात. निळीकाळी, उन्हात तळपणारी. पाणी कुठे दिसत नाही.

"म्हाताऱ्याला रोज इथून हेच दिसतं," तो म्हणाला. "म्हणतो असेल, मी मासे सोडले होते, पोराने आरसे पिकवले."

मी म्हटलं, जिन-शान, तळ्यांबद्दल एक सांगायचं आहे तुला.

"तळी राहिली कुठे आता?" मग माझ्या तोंडाकडे बघितलं. "इथे नको. म्हातारा ऐकतोय. मंगळवारी तुमच्या बाजूला येणार आहे, धुण्याचा पाइप घ्यायला. तेव्हा चहा पाज आणि सांग."

६ एप्रिल

व्हिएतनामहून निरोप. त्यांनी चार आणि अकरा मागवले आहेत. त्यांच्या यंत्रावर पुडी नाही, असंही लिहिलंय, शेवटी हसरा चेहरा.

मी मंगळवारचे शब्द जुळवतोय. कितीही जुळवले तरी पहिला शब्द 'मी' येतो.

८ एप्रिल, मंगळवार

जिन-शान आला. पाइप फाटकाशी ठेवला, भूमिदेवाला हात जोडले, आत येऊन त्याच जुन्या स्टुलावर बसला. मी चहा ओतला. तोंड उघडणार, तेवढ्यात तो उठून यंत्रापाशी गेला, टाचा उंच करून मागे बघायला लागला.

"माझी पुडी कुठे गेली रे?"

मी विचारलं, कुठली?

"त्या वेळी नमुना आणला होता ना. तू बशा आणायला आत गेलास तेव्हा गुपचूप ठेवली होती. म्हटलं तुझी आहेच, पण माझ्यासाठीही एक असू दे. मागे ठेवली, तू हसशील म्हणून."

 मी म्हटलं, जुनी झाली होती, काढली.

"हां, मुदत संपली की काढायचीच." खिशातून नवी हिरवी पुडी काढली. "ही घे. कोणाच्या तरी तळ्याच्या कामी येईल." मागे ठेवायला हात लांबवला, तो मी मनगटात धरला आणि पुढे आणला.

"आणि ते तळ्यांचं काय सांगणार होतास?"

तो खाना मी रिकामा ठेवला.